गुलमंडीवर, औरंगपुऱ्यात, पैठण गेटला

छत्रपती संभाजीनगरचा माणूस गुलमंडीवर भेटतो, औरंगपुऱ्यात राहतो आणि पैठण गेटला रिक्षातून उतरतो. हे 'वर', 'त' आणि 'ला' त्याला कोणी शिकवलेले नसतात. 'गुलमंडीत भेटू' असे कोणी म्हटले तर अर्थ कळतो, पण बोलणारा नवखा आहे हेही कळते. मंडी म्हणजे उघडा बाजार, तिथे माणसे 'वर' असतात. पुरा म्हणजे वस्ती, तिच्यात शिरावे लागते. गेट ही वाटेवरची ठरलेली खूण, तिला 'ला' पुरतो. नामाला चिकटणारी ही चिमुकली रूपे शाळेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये म्हणून घोकली जातात आणि परीक्षा संपली की विसरली जातात. माझे मत असे, की मराठीचा आणि विशेषतः या परिसराचा इतिहास जितका या रूपांत मुरला आहे, तितका भारदस्त शब्दांतही मुरलेला नाही.

इंग्रजीत हे काम करणारे शब्द नामाच्या आधी उभे राहतात, मराठीत मागे. मूळ मात्र कधी कधी एकच निघते. 'ओव्हर' हाच शब्द घ्या, क्रिकेटमुळे तो खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'ओफर' होते. जर्मनमध्ये तो 'ऊबर', लॅटिनमध्ये 'सुपर', ग्रीकमध्ये 'हुपेर', आणि संस्कृतात 'उपरि'. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे सांगितले. पुढच्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी ध्वनिबदलाचे जे नियम बांधले, त्यांत ही सगळी रूपे एका कुळाची ठरली. 'उपरि'चे प्राकृतात 'उवरि' झाले, जुन्या मराठीत 'वरी' आणि आज 'वर'. पंचाच्या तोंडचा 'ओव्हर' आणि गुलमंडीवरचा 'वर' हे असे एकाच घराण्यातले आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या 'हायपरटेन्शन'मधला 'हायपर' आणि दुकानाच्या पाटीवरचा 'सुपर' हेही त्याच घराण्यातले.

यातली प्राकृताची पायरी शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. संस्कृतात 'घराच्या वर' म्हणायचे तर 'गृहस्य उपरि' म्हणावे लागे. आज आपण 'घरावर' म्हणतो. 'घर' या नामाचे 'वर' लागण्यापूर्वी 'घरा' होते, त्याला शाळेत सामान्यरूप म्हणतात. तो 'आ' आला कुठून? बहुतेक भाषाभ्यासक त्याचा माग प्राकृतातल्या जुन्या विभक्तिरूपांपर्यंत, मुख्यतः षष्ठीपर्यंत, नेतात. 'गृहस्य'मधला 'स्य' झिजत झिजत त्या काना-मात्रेतल्या कान्याएवढा उरला. मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा हा कान्याएवढा अवशेष उच्चारतो. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात दिलेली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ, या दोन्हींत अशा झिजेचा कसून तपास आहे. 'पाशी' आणि 'पासून' यांत 'पार्श्व', म्हणजे कूस किंवा बाजू, दडलेली आहे. ज्ञानेश्वरीत 'मध्ये' या अर्थी भेटणारा 'माझारी' मात्र बोलण्यातून गेला. संस्कृत 'मध्य' लोकांच्या तोंडी घडत घडत झालेले हे रूप किती गोड होते! त्याच्या जागी आपण संस्कृतातला 'मध्ये' जसाच्या तसा आणून बसवला. 'ला' कुठून आला यावर अजून वाद आहे. तो जुन्या 'लागी'चा वंशज, ही त्यातली एक प्रसिद्ध उपपत्ती.

अर्थ बदलण्यात तर हे शब्द फार धीट असतात. इंग्रजी 'विथ' म्हणजे आज 'सोबत', पण मुळात त्याचा अर्थ 'विरुद्ध' होता, आणि 'विथस्टँड' या क्रियापदात तो अजून जिवंत आहे. आपला 'वर'ही कुठच्या कुठे पोचला: पोरावर जीव असतो, उधारीवर किराणा मिळतो, आणि 'त्यावर ती म्हणाली' या वाक्यात तर कोणतीच वस्तू कशाच्याही वर नसते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फारसी-अरबीतून आलेला गट. शिवाय, बद्दल, ऐवजी, खेरीज, बाबत, मार्फत, तर्फे. जगातल्या भाषा एकमेकींकडून नामे सहज उचलतात. संबंध दाखवणारे शब्द फार कमी उचलतात. तसे घडते ते दीर्घ सहवासात. इंग्रजीवर फ्रेंच राज्यकर्त्यांच्या भाषेचा पगडा काही शतके होता, म्हणून 'ड्युरिंग' आणि 'एक्सेप्ट' तिच्यात आले. इथला फारसीशी सहवासही तसाच दीर्घ. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानी हलवली. पुढे बहमनी आणि निजामशाही झाली. १६१० साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, १६५३ नंतर तिचे औरंगाबाद झाले, आणि निजामाचा अंमल १९४८ पर्यंत चालला. सहा शतके पाटील-कुलकर्ण्यांनी अर्ज, कौल आणि महजर लिहिले ते या फारसी वळणाच्या मराठीत. पैठणच्या एकनाथांनी सरकारदरबारी द्यायच्या अर्जाच्या घाटात 'अर्जदस्त' हे भारूड रचले. ऐकणाऱ्यांना ती भाषा ओळखीची होती म्हणूनच ते शक्य झाले.

'बद्दल' पाहा. अरबीत 'बदल' म्हणजे मोबदला, अदलाबदल. जुन्या कागदांत 'अमुक बद्दल तमुक' म्हणजे एकाच्या जागी दुसरे. आज 'पुस्तकाबद्दल बोलू' म्हणताना मोबदल्याचा मागमूस राहिलेला नाही. 'मदत केल्याबद्दल आभार' या वाक्यात मात्र तो स्पष्ट आहे: मदतीच्या बदल्यात आभार. 'शिवाय'च्या शेवटचा 'य' फारसीत दोन शब्द जोडणाऱ्या 'ए'चा आहे. 'खेरीज' आणि कोर्टातला 'खारीज' ही एकाच अरबी शब्दाची दोन रूपे, अर्थ 'बाहेर ठेवलेला'.

'मार्फत'पाशी मी नेहमी थांबतो. त्याचे मूळ 'मारिफत', म्हणजे ओळख, ज्ञान. सूफी साधनेत शरीअत, तरीकत, मारिफत आणि हकीकत अशा पायऱ्या सांगतात, आणि मारिफत म्हणजे परमेश्वराची आतून पटलेली ओळख. शहराजवळच्या खुलताबादेत १३३७ साली देह ठेवणारे बुरहानुद्दीन गरीब यांच्या परंपरेत या शब्दाचे मोल फार मोठे. तोच शब्द दफ्तरात गेला आणि 'ओळखीच्या माणसाकरवी' असा अर्थ धरून टपालाच्या पाकिटावर 'मार्फत' होऊन बसला. चौथी पायरी 'हकीकत' तर आपण रोज एकमेकांना सांगतो.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात दरबार, खजिना, किल्ला आणि शस्त्रे यांच्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. तो कोश मुख्यतः नामांचा आहे. नामे वेचून काढता येतात, 'शिवाय' आणि 'बद्दल' काढायला गेले तर वाक्यच उसवते. म्हणून हे शब्द परके म्हणून हाकलण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो. मराठी वाक्याने त्यांना आपल्या घडणीत घेतले आहे.

देवघेव एकतर्फी नव्हती. वली आणि सिराज या औरंगाबादकर कवींच्या नावांशी जोडलेली दखनी शहरात आजही बोलली जाते. ती 'को'च्या जागी 'कू' लावते, आणि त्यावर जोर द्यायला मराठीचा 'च' घेते: 'उसकूच'.

जिल्ह्यात फिरताना ही रूपे कानांनीच टिपावी लागतात. 'कडे'चे 'कडं', 'पासून'चे 'पासनं' आणि 'बरोबर'च्या जागी 'संगं'. सोयगाव ओलांडून खानदेशाकडे जावे तसा 'ला' मागे पडतो आणि 'ले' कानावर येतो. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पण कोणतेही सर्वेक्षण प्रत्येक वाडीपर्यंत पोचत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्राचीन ग्रंथांची खूप चर्चा झाली. तेवढीच आस्था कन्नड, फुलंब्री, वैजापूर आणि गंगापूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला मिळायला हवी. इथल्या विद्यापीठाच्या मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची अशी रूपे, ती ज्या वाक्यात आली त्या वाक्यासकट, लिहून आणावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याशी निवांत गप्पा मारताना त्यांची परवानगी घेऊन मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू ठेवा.