दुरुस्तीनंतर बंद पडलेले इंजिन

माझी जुनी मारुती 800 पंढरपूरहून मोहोळकडे जाताना वाटेत एकाएकी बंद पडली, तेव्हा तिचा टायमिंगचा पट्टा आणि पाण्याचा पंप बदलून दोनच दिवस झाले होते. गाडी ओढून परत आणली. दुरुस्ती करणारे मिस्त्री म्हणाले, "सर, माझी चूक असती तर गाडी गॅरेजमधून बाहेरच पडली नसती. रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी घरी आलो. पण हे निदान बरोबर कशावरून?

पेट्रोलचे इंजिन चालायला हवा व पेट्रोल यांचे मिश्रण, त्यावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी एवढ्या गोष्टी लागतात. दुसऱ्या एका मेकॅनिकने प्लग काढून पाहिले. ते पेट्रोलने ओले होते आणि ठिणगीही पडत होती. (पेट्रोलजवळ ठिणगी पाडण्याचा हा प्रयोग तुम्ही मुळीच करू नका.) मात्र सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलके फिरे. म्हणजे संशय दाबावर.

हा दाब किती असावा? समजा, दट्ट्या सिलिंडरमधील हवेचे आकारमान 1/9 करतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब 9 वातावरण होईल. पण झटकन दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते ते तुम्ही अनुभवले असेल. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही तर दाब 21 वातावरणांच्याही वर जाईल. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषतात, थोडी हवा निसटते आणि आत घेणारी झडप दट्ट्या वर येऊ लागल्यावर जराशी उशिरा मिटते. म्हणून प्लगच्या भोकात दाबमापक बसवून सेल्फ मारला, तर चांगल्या इंजिनात साधारण 12 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाब दिसतो.

आमच्या तीन सिलिंडरांत आकडे आले 8, 8 आणि साडेसात.

मला तरी हे आकडे बोलके वाटले. रिंगा झिजतात त्या वर्षानुवर्षे आणि कमीअधिक. तिन्ही सिलिंडरांच्या रिंगा एका दुपारी सारख्याच कशा जातील? गॅस्केट फुटले असते तर बहुधा शेजारच्या दोन सिलिंडरांचाच दाब पडला असता. तरी खात्री करावी म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतले. तेल रिंगांभोवतीच्या फटी बुजवते; दोष तिथे असता तर दाब चांगलाच वाढला असता. तो जेमतेम अर्ध्याने वाढला. रिंगा निर्दोष ठरल्या!

आता तिन्ही सिलिंडरांना सामाईक असे काय आहे? झडपा उघडणारा कॅमशाफ्ट. दट्ट्यांना जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हावा, हा हिशेब टायमिंगचा दातेरी पट्टा राखतो. क्रँकच्या चाकाला 20 दात आहेत असे धरा. पट्टा दोन दात सरकला की झडपा क्रँकच्या 36 अंशांनी मागे पडतात. दट्ट्या बराच वर आला तरी आत घेणारी झडप उघडीच, आणि मिश्रण आल्या वाटेने परत! शिवाय या इंजिनात ठिणगीचे वाटप करणारा वितरकही कॅमशाफ्टवरच फिरतो. म्हणजे ठिणगी पडत होती खरी, पण उशिरा.

पट्ट्यावरचे झाकण काढले. क्रँकची खूण जागेवर आणली, तर कॅमची खूण दोन दात मागे. पट्टा ताणून धरणाऱ्या कप्पीचा बोल्ट हाताने फिरावा इतका ढिला होता. दुरुस्तीच्या दिवशी खुणा जुळलेल्याच असणार, म्हणून तर गाडी दोन दिवस चालली. मग झडपांच्या स्प्रिंगांचा विरोध सोसताना सैल पट्ट्याने दात सोडले. मिस्त्रींचा युक्तिवाद असा निम्माच खरा होता.

दरम्यान मी रस्त्यावर वीस वेळा सेल्फ मारला होता, ते मात्र चुकलेच. काही इंजिनांत पट्टा सरकल्यावर दट्ट्या उघड्या झडपेवर आपटून ती वाकते. आमची वाचली. पट्टा जुळवून कप्पी आवळल्यावर दाबमापकाने तिन्ही ठिकाणी बाराच्या आसपास दाखवले.