पोपटाला ऊन द्या, वारा सांभाळा

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत, ट्रली नावाचं गाव आहे. एका बाजूला स्लीव्ह मिशचे डोंगर, दुसऱ्या बाजूला ट्रलीचा उपसागर आणि त्यापलीकडे थेट अटलांटिक. गावालगत ब्लेनरव्हिलला १८०० साली बांधलेली पवनचक्की आजही उभी आहे. तिथे वाऱ्याला कधी तोटा नसतो, पावसालाही नसतो. अशा गावात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात आफ्रिकन ग्रे किंवा कॉकाटील जातीचा पोपट असेल, तर ढग बाजूला होऊन लख्ख ऊन पडलं की घरच्यांच्या मनात येणारच, आज याला जरा बाहेर न्यावं का?

जरूर न्यावं. पोपटाला बाहेरच्या उन्हाची खरीखुरी गरज असते. पण पक्षी कितीही माणसाळलेला असला, तरी उघड्यावर त्याला फक्त मायेच्या भरवशावर नेऊ नये. ही गरज आणि ही खबरदारी, दोन्हींची कारणं त्याच्या शरीरातच सापडतात.

काचेतून न येणारं ऊन

सूर्यप्रकाशातले साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला हे जीवनसत्त्व लागतं. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे खिडकीतल्या उन्हात पिंजरा ठेवला तर पक्ष्याला ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही.

आफ्रिकन ग्रे पोपटाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्यामुळे थरथरणारे, झटके येऊन दांडीवरून खाली कोसळणारे ग्रे पशुवैद्यांना नवे नाहीत. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी या शतकाच्या सुरुवातीला बंदिस्त ग्रे पोपटांवर अभ्यास केला. अतिनील-ब किरण देणाऱ्या दिव्याखाली ठेवलेल्या ग्रे पक्ष्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, दोन्ही वाढलेलं त्यांना आढळलं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याची अवस्था आणखी बिकट असते, कारण त्या बियांत कॅल्शियम फारच कमी असतं.

उन्हाचा संबंध डोळ्यांशीही आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, पोपटाच्या डोळ्यांत चार. त्यातल्या एका प्रकाराला अतिनील प्रकाश दिसतो. बजरीगर या छोट्या पोपटाच्या डोक्यावरची आणि गालावरची पिवळी पिसं अतिनील प्रकाश शोषून चमकतात, आणि जोडीदार निवडताना बजरीगर ही चमक पाहतात, असं २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात हा सगळा रंगपट गायब असतो.

आता ट्रलीचं ऊन पाहू. गाव ५२ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. २१ डिसेंबरला भरदुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. सूर्य इतका खाली असला की किरणांना वातावरणातून फार लांबचा प्रवास करावा लागतो आणि अतिनील-ब वाटेतच संपतात. यावर एक सोपा ठोकताळा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर उन्हात कस आहे असं समजावं. ट्रलीत हे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच घडतं. शिवाय गाव फार पश्चिमेला असल्याने आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असल्याने, सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, पावणेदोनच्या सुमारास. सकाळी नऊचं कोवळं ऊन दाखवून आणल्याचं समाधान मिळेल, फायदा फारसा होणार नाही. हिवाळ्यात पक्ष्यांसाठीचा अतिनील-ब दिवा आणि पशुवैद्यांनी सांगितलेला आहार, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

क्षणात घेतलेली भरारी

‘आमचा मिठू खांद्यावरून हलतसुद्धा नाही,’ असं पोपट पाळणारी बरीच माणसं अभिमानानं सांगतात. घरात ते खरंही असतं. पण पोपट हा शिकार होणारा पक्षी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. आकाशात काही हललं की धोक्याचा इशारा मिळतो आणि पाय दांडी सोडतात. कुत्र्याचं भुंकणं, वाऱ्यानं फडफडलेली प्लास्टिकची पिशवी, फाडकन उघडलेली छत्री, काहीही पुरतं. मालकाचा विचार त्याच्या मनात येण्याआधी तो हवेत असतो.

या क्षणाआधीच्या खुणा जवळून पाहिल्या तर ओळखता येतात. निवांत पोपटाची पिसं थोडी फुललेली असतात, तो चोच घासतो, एक पाय पोटात घेतो. घाबरलेल्या पोपटाची पिसं अंगाला घट्ट चिकटतात, मान लांब होते, तो एकदम बारीक आणि उंच दिसू लागतो. तोंडातलं चावणं थांबतं, डोकं कलतं आणि एक डोळा आकाशाकडे लागतो. हे दिसलं की लगेच आडोशाला जावं. समजूत घालत बसायला तेवढा वेळ मिळत नाही.

उडाल्यावर खरी पंचाईत सुरू होते. कॉकाटील ताशी ३६ किलोमीटर वेगानं सहज उडतो. मागून तेवढ्याच वेगाचा वारा असेल, आणि केरीच्या किनाऱ्यावर तो नवलाचा नसतो, तर जमिनीच्या हिशेबानं पक्षी ताशी ७२ किलोमीटर वेगानं जातो. म्हणजे मिनिटाला १,२०० मीटर. पाच मिनिटांत तो सहा किलोमीटर दूर, अनोळखी मुलखात. घरात वाढलेला पोपट दहा-बारा फुटांची सरळ रेषेतली उड्डाणं जाणतो. उंच झाडाच्या शेंड्यावरून खाली झेपावणं हे वेगळं कसब आहे आणि जंगलातली पिल्लं ते मोठ्यांच्या संगतीत शिकतात. म्हणून हरवलेला पोपट शेंड्यावर बसून मालकाला हाका मारत राहतो, पण खाली येत नाही. त्याला यायचं असतं, उतरता येत नसतं.

पंख कातरले की प्रश्न मिटला, ही समजूतही धोक्याची आहे. कातरलेल्या पंखांवरसुद्धा जोराच्या वाऱ्यात पक्षी वर उचलला जातो. पिसं झडून नवी येतात आणि ते आपल्या ध्यानात येण्याआधी पक्ष्याच्या ध्यानात येतं. कातरलेला पक्षी मांजरापासूनही पळू शकत नाही, आणि धपकन पडला तर छातीचं हाड दुखावतं.

पिंजरा, जाळी आणि पट्टा

सुरुवात प्रवासी पिंजऱ्यानं करावी. त्याचा अर्धा भाग कापडानं झाकावा म्हणजे पक्ष्याला हवं तेव्हा सावलीत आणि नजरेआड जाता येतं. दाराला छोटी कडी किंवा कुलूप हवंच, कारण साधी खिट्टी पोपट चोचीनं उघडतो. पिंजरा जमिनीवर ठेवू नये आणि क्षणभरही एकटा सोडू नये.

अंगण असेल तर जाळीची खोली सर्वांत चांगली. तिला एकापाठोपाठ एक अशी दोन दारं असावीत, पहिलं बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. जाळीही दुहेरी असावी, नाहीतर जाळीला लटकलेल्या पोपटाची बोटं मांजर किंवा शिकारी पक्षी बाहेरून पकडतो. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचं जस्त पोपटाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगरनं खसखसून घासावी आणि स्वच्छ धुवावी.

तिसरा मार्ग अंगात घालायच्या पट्ट्याचा, म्हणजे हार्नेसचा. इथे पोपटाच्या श्वासाची रीत समजून घ्यायला हवी. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा आत-बाहेर होते. छाती आवळली गेली की नाकतोंड मोकळं असूनही पक्षी गुदमरतो. त्यामुळे पट्टा मापाचाच हवा, आणि तो जबरदस्तीनं चढवू नये. पहिले काही दिवस पट्टा नुसता समोर ठेवून त्याच्याशेजारी बदामाचा तुकडा द्यावा. मग पट्ट्याला चोच लावली की बदाम, मग फासातून डोकं स्वतःहून पुढे आणलं की बदाम. पाठीवर पट्टा टेकवणं, बंद करणं, घरात दोन मिनिटं फिरणं, हे सगळं नंतर. एखाद्या पायरीवर तो मागे सरकला तर आपणही एक पायरी मागे यावं. काही पक्ष्यांना पट्टा कधीच रुचत नाही, त्यांच्यासाठी पिंजरा आहेच.

पायात साखळी मात्र मुळीच नको. दचकून उडालेल्या पक्ष्याच्या सगळ्या वेगाचा हिसका एका बारीक पायावर येतो आणि पाय मोडतो.

ट्रलीत काय सांभाळावं

वारा फार असेल तेव्हा बाहेर जाणं रद्द करावं. पावसात भिजलेली पिसं ऊब धरत नाहीत आणि भिजलेल्या अंगावर अटलांटिकचा वारा लागला की पक्षी झपाट्यानं गारठतो. आयर्लंडमधला चिमणमार ससाणा घरामागच्या बागांत येऊन छोट्या पक्ष्यांवर झडप घालतो, आणि गावात सीगलही धीट असतात. टाउन पार्कमधली गुलाबाची बाग सुंदर आहे, पण तिथे कुत्रीही फिरायला येतात. ऑगस्टमध्ये १९५९ पासून चालत आलेला ‘रोझ ऑफ ट्रली’ महोत्सव असतो. गर्दी, बँड आणि मिरवणुकीच्या त्या दिवसांत पोपटाला घरातच ठेवलेलं बरं.

झाडांवर नजर हवी. कबरस्तानांत आणि जुन्या बागांत दिसणारा यू वृक्ष, केरीच्या रानात माजलेलं ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांधाबांधावर फुलणारं फॉक्सग्लोव्ह, तिन्ही विषारी आहेत. पोपट समोर येईल ते कुरतडतो, त्यामुळे खात्री नसलेली फांदी त्याच्या चोचीपर्यंत जाऊ देऊ नये.

हिवाळ्यात ट्रलीच्या उपसागरात कॅनडाच्या आर्क्टिक भागातून ब्रेंट हंस येतात. रानपक्ष्यांच्या अशा थव्यांतून बर्ड फ्लूचा विषाणू पसरू शकतो. म्हणून पाणथळ किनाऱ्यावर पोपट नेऊ नये आणि त्या चिखलातून आलेले बूट पिंजऱ्याजवळ आणू नयेत. साथीच्या काळात आयर्लंडचं कृषी खातं बंदिस्त पक्षी आतच ठेवण्याचा आदेश काढतं, तो पाळीव पोपटांच्या मालकांनीही पाळायचा असतो.

उडालाच तर

आरडाओरडा न करता त्याची दिशा पाहावी आणि नजर हटू देऊ नये. त्याचा ओळखीचा पिंजरा आणि आवडीचा खाऊ उघड्यावर, त्याला दिसेल असा मांडावा. घरात दुसरा पोपट असेल तर त्याला बंद पिंजऱ्यात जवळ आणावं, सोबत्याच्या हाकेला फार ओढ असते. झाडाच्या थेट खाली उभं राहण्यापेक्षा थोडं लांब, एखाद्या चढावर उभं राहावं, म्हणजे त्याला कमी उतारानं खाली येता येतं. जूनमध्ये ट्रलीत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे सव्वापाचला उगवतो. पोपट ज्या झाडावर रात्री विसावला असेल, त्याखाली उजाडण्यापूर्वीच हजर असावं, भुकेला पक्षी सकाळी खाली येण्याची शक्यता जास्त. पायातल्या कड्याचा क्रमांक, मायक्रोचिपची नोंद आणि स्पष्ट छायाचित्र आधीपासून हाताशी असेल, तर आसपासच्या पशुवैद्यांना आणि प्राणिकल्याण संस्थांना लगेच कळवता येतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्या रानातला राघू म्हणजे कंठवाला पोपट आणि इतर देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी, सायटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतल्या प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. असा पक्षी कायदेशीरपणे घरी असेल, तर आपल्याकडे प्रश्न उलटा असतो. ऊन भरपूर, पण एप्रिल-मे महिन्यांत जिवावर बेतणारं. पोपटाला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकत, पंख अंगापासून दूर धरून बसलेला पक्षी उष्माघाताच्या वाटेवर असतो. आपल्याकडे कोवळं ऊन आणि कायमची सावली, हाच नियम.

ट्रली असो की ठाणे, ही सगळी तयारी घराच्या चार भिंतींत होते. केरीचा लांबलचक, अंधारा हिवाळा त्यासाठी उत्तम काळ आहे. ऑक्टोबरमध्ये पट्टा समोर ठेवला, डिसेंबरपर्यंत तो अंगावर चढला, मार्चपर्यंत हाकेला येणं आणि उंच कपाटावरून हातावर उतरणं जमलं, तर एप्रिलचं कसदार ऊन येईल तेव्हा पक्षीही तयार असेल आणि माणूसही. पोपटाला भीती वाटणारच, ती त्याला जगवण्यासाठीच आहे. ती गृहीत धरून तयारी करणं हे पाळणाऱ्याचं काम आहे. ते नीट केलं तर त्याच्या वाट्याचं ऊन त्याला निर्धास्तपणे देता येतं.