एकच मालिका, वेगवेगळे प्रेक्षक: ‘तुला पाहते रे’च्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “अगं, व्याख्यानाला मालिका? ती तर सगळे घरी बघतातच, त्यावर बोलायचं काय?” मी म्हटलं, बघतात खरं, पण एकाच सोफ्यावर बसलेले तिघं तीन वेगळ्या गोष्टी बघत असतात. त्यावर बोलायचं आहे.

उदाहरण तुमच्या ओळखीचंच घेऊ. ‘तुला पाहते रे’. झी मराठीवर ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९, म्हणजे जेमतेम वर्षभर चाललेली मालिका. चाळिशीतला श्रीमंत उद्योजक विक्रांत सरंजामे, ही भूमिका सुबोध भावे यांची. आणि विशीतली, मध्यमवर्गीय घरातली ईशा निमकर, ही गायत्री दातार यांची. दोघं प्रेमात पडतात. वयात वीसेक वर्षांचं अंतर. एवढ्यावरून घराघरांत वाद सुरू झाले.

एक गट म्हणायचा, प्रेमाला कुठे वय असतं? आणि विक्रांत बघा ना, किती शांत बोलतो, तिचं म्हणणं ऐकून घेतो. दुसरा गट म्हणायचा, बापाच्या वयाचा माणूस आहे तो! आणि प्रश्न नुसता वयाचा नाही, पैसा त्याचा, प्रतिष्ठा त्याची. ती मुलगी ‘नाही’ म्हणायला मोकळी आहे का? तिसरा गट सगळ्यात मोठा असावा असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की मालिकेत ठीक आहे हो, छान दिसतात दोघं, पण उद्या आमच्या मुलीने असं काही घरी आणलं तर चालायचं नाही.

आता गंमत बघा. स्टुअर्ट हॉल नावाचे एक अभ्यासक होते, जन्म जमैकाचा, काम इंग्लंडमध्ये. त्यांनी १९७३ साली टीव्ही बघणाऱ्यांबद्दल एक मांडणी केली. कार्यक्रम बनवणारा त्यात एक अर्थ घालतो, पण बघणारा तोच अर्थ काढेल असं नाही. कोणी तो जसाच्या तसा घेतो, कोणी साफ नाकारतो, आणि कोणी घासाघीस करतो, म्हणजे तत्त्व मान्य करून स्वतःपुरता अपवाद ठेवतो. आपले तीन गट बरोबर याच तीन खणांत बसतात. भाजीवालीशी करतो तशी घासाघीस आपण मालिकेशीही करतो, बरं का.

पण कोण कुठल्या खणात जाईल, हे कशावर ठरतं? थोडं आपल्या इतिहासावर. गोविंद बल्लाळ देवल यांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. पैशासाठी कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेला बाप, ही त्याची गोष्ट. श्रीमंत प्रौढ पुरुष आणि लहान वयाची मुलगी म्हटलं, की मराठी माणसाच्या मनात कुठेतरी ती शारदा उभी राहते. त्यावर पहिल्या गटाचं उत्तर तयार असतं: शारदेला कोणी विचारलं होतं? ईशा सज्ञान आहे, ती स्वतः निवडते आहे. दोन्ही बाजूंना दम आहे, म्हणून तर वाद मिटत नाही.

आणखी एक अभ्यास सांगते. ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका नेदरलँड्समध्ये गाजत होती, तेव्हा इएन आंग या अभ्यासक बाईंनी एका महिलांच्या नियतकालिकात छोटी जाहिरात दिली, की ही मालिका तुम्हाला का आवडते किंवा आवडत नाही ते कळवा. ४२ पत्रं आली. नावं ठेवणारे बिनधास्त लिहीत होते. आवडणाऱ्यांपैकी अनेक जण मात्र जरा अवघडून, जणू माफी मागत लिहीत होते. आपल्याकडे नाही का, “मी नाही बघत, आई लावते म्हणून कानावर पडतं”! आंगबाईंना असंही दिसलं, की तेलविहिरींचे मालक कोणाच्या शेजारी राहत नसले तरी त्यातली भांडणं, दुःखं बघणाऱ्यांना खरी वाटत होती. गोष्ट खोटी, पण भावना खरी.

मग आपल्या मालिकेने वळण घेतलं. विक्रांतनेच पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, जीव घेतलेला असतो आणि ईशा तिचाच पुनर्जन्म असते. पहिला गट म्हणाला, आम्हाला फसवलं. दुसरा म्हणाला, आम्ही सांगत नव्हतो? मला विचाराल तर मूळ प्रश्न इथे हातातून निसटला. चांगल्या माणसाच्या बाबतीतसुद्धा वय आणि पैसा यांचं एवढं अंतर असताना नातं बरोबरीचं होईल का, हा तो प्रश्न. नायक खुनी निघाल्यावर त्याचं उत्तर देण्याची गरजच उरली नाही. आणि पुनर्जन्म आला की वयाचं अंतरही पुसलं जातं, कारण ती त्याची जुनी बायकोच ठरते! टीआरपीला यातलं काहीच कळत नाही. मोजणारं यंत्र कुठलं चॅनल चालू होतं आणि घरातलं कोण बघत होतं एवढंच नोंदवतं, बघणारा रडत होता की चिडला होता ते नाही.

शेवटी घरातली एक गोष्ट. मालिका जोरात होती तेव्हा आमच्या मावशीकडे सगळे जमलो होतो. भाची म्हणाली, “शी, केवढा म्हातारा आहे तो!” सगळे हसले. मावशीचं लग्न अठराव्या वर्षी झालं, काका तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे. ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, “तो तिला विचारतो तरी. मला कोणी विचारलं नव्हतं.” पुढची जाहिरात संपेपर्यंत कोणी बोललं नाही.

पन्नास वर्षांत मावशी हे कधी बोलली नव्हती. भाचीचं म्हणणंही चूक नव्हतं, वयाचं अंतर तिला खटकायलाच हवं. पण मावशी मालिकेबद्दल बोलतच नव्हती. म्हणून एवढंच सुचवते, की घरात कोणाला एखादी मालिका फार आवडली किंवा फार खुपली, तर “तुला काही कळत नाही” म्हणण्याआधी “तुला त्यात काय दिसलं?” असं विचारून बघा. उत्तर कदाचित मालिकेबद्दल नसेल.

आता तुमचे प्रश्न घेऊया.