तार थांबते, खोली थांबत नाही

सकाळी ९. कोथरूडच्या या फ्लॅटमधल्या खोलीत शिरल्यावर आधी टेप काढला. ४.२ मीटर लांब, ३.३ रुंद. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४१ हर्ट्झ येतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार तिथेच वाजते, आणि घरातल्या मुलीची तक्रारही त्याच तारेची: "दादा, हेडफोनवर तो सूर थांबतो, खोलीत थांबतच नाही."

९:४५. पंखा, एसी बंद. घरातल्या काकांनी फ्रिजही बंद केला. सबवूफर टीव्हीशेजारी कोपऱ्यात, माइक मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर, कानाच्या उंचीला. रूम ईक्यू विझार्ड या मापनाच्या सॉफ्टवेअरमधून खालून वर चढत जाणारा सूर सोडला. आलेखात ४१ला सुळका, आणि बाकीचे सूर विझले तरी हा रेंगाळतोय. माइक काकांच्या खुर्चीवर नेला, बरोबर खोलीच्या मध्यावर. तिथे ४१ला खड्डा! बेस कमी की जास्त यावरून काका आणि मुलगी इतके दिवस का भांडत होते ते कळलं. दोघंही खरं बोलत होते.

११. ईक्यू, म्हणजे ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करणं. ४१वर अरुंद फिल्टर, सुळक्याच्या रुंदीएवढाच, ९ डेसिबल खाली. सोफ्यावर रेंगाळणंही आखडलं. ईक्यूने फक्त आवाज कमी होतो, घुमणं नाही, असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते मला मान्य नाही. उंच सुळका आणि लांबलेला सूर ही एकाच अनुनादाची दोन रूपं. फिल्टर नेमका त्याच्या उलट आकाराचा बसला तर दोन्ही एकदम उतरतात. हर्ट्झ-दोन हर्ट्झ इकडे-तिकडे झालं की जमत नाही, म्हणून इथे घाई करायची नाही.

पण काकांच्या खुर्चीवरचा बेस आणखी पातळ झाला. "मग तेवढं वाढवून द्या की," काका म्हणाले. ६ डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लागते, आणि खड्डा तसाच राहतो, कारण त्या जागी या सुराचा दाब मुळातच जवळजवळ शून्य असतो. सोफ्यावर मात्र सुळका परत येतो.

१२:३०. दुसरा सबवूफर आणलाय तो याचसाठी. एक टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा समोरच्या भिंतीच्या मध्यावर. काकूंनी कुरकुर न करता सोफा फूटभर पुढे घेऊ दिला. लांबीच्या पहिल्या अनुनादात एका टोकाला दाब चढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरतो. दोन्ही सबवूफर एकाच वेळी सारखंच ढकलतात, त्यामुळे तो अनुनाद उठतच नाही. रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीचा ५२ हर्ट्झही शांत. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये अशा अनेक मांडण्या तपासल्या होत्या. भिंतींचे मध्य त्यात उजवे ठरले, आणि चार सबवूफरांच्या जवळपास दोनही पोचले.

३. दोन्हींची पातळी जुळवून पुन्हा मापलं. ४१चा सुळका गेला. ८२ उरला, कारण या अनुनादाला दोन्ही सबवूफर मिळून जोरच देतात. पण ८२ला भिंतीशी आणि मध्यावर, दोन्हीकडे सुळकाच असतो, त्यामुळे एकच फिल्टर काकांनाही चालला, सोफ्यालाही.

४:३०. मुलीने गाणं लावलं, खूश झाली. मग स्वतःचा मोठा बेस अॅम्प कोपऱ्यात सुरू करून तीच तार छेडली, आणि खोली सकाळसारखी घुमली. तिचा चेहराच पडला. तिला सांगितलं, खोली आहे तशीच आहे. आपण फक्त सबवूफरांना खोलीला छेडू देत नाही. खोलीच बदलायची तर आवाज शोषणारं काहीतरी लागेल, आणि ४१ हर्ट्झच्या लहरीचा पाव भागच २ मीटरचा. दोन इंची फोमचा तिथे काही उपयोग नाही. अॅम्प उचलून बाजूच्या भिंतीला, लांबीच्या मध्यावर ठेवला. ४१ बसला. ५२ अजून थोडा बोलतो. त्यासाठी कोपऱ्यांत जाड रॉकवूल लागेल, त्याची मापं काकांना लिहून दिली.