कुटुंबसेवा हीही देवसेवा

प्रपंच आणि परमार्थ यांचें वैर आहे, अशी समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे. ख्रिस्ती मनुष्यही तिच्यापासून अगदींच मोकळा नाहीं. मंदिराच्या इमारतीस वर्गणी देणारा, प्रत्येक समितींत हिरीरीनें काम करणारा, परंतु घरच्या वृद्ध मातेच्या औषधाची चौकशीही न करणारा गृहस्थ आपणांस अपरिचित नाहीं. त्याला धर्मनिष्ठ म्हणावें काय, या प्रश्नाला नव्या करारानें काय उत्तर दिलें आहे, तें आज पाहूं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत ‘कुर्बान’ हा शब्द येतो. कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेलें अर्पण. आपल्या मालमत्तेचा एखादा भाग कुर्बान आहे, असें मुलानें एकदां म्हटलें, कीं त्यांतून आईबापांस साहाय्य करण्याची त्याला मोकळीक उरत नसे. बोलणें मोठें सोंवळें. परिणाम मात्र हा, कीं आईबाप उघडे पडत. या रूढीनें आईबापांचा मान राखण्याची आज्ञा रद्द होते, असें येशूनें परूशी व शास्त्री यांस तोंडावर सांगितलें. मान म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. त्यांत अन्नवस्त्रही येतें, हें यावरून उघड होतें.

दुसरा आधार तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील पांचव्या अध्यायाचा. आरंभींच्या मंडळ्या निराधार विधवांचें पोषण करीत. त्यांच्या यादींत नांव घालावयाचें तर वय ६० वर्षांहून कमी नसावें, असा तेथें नियम आहे. आणि जिला मुलें किंवा नातवंडें आहेत, तिचा भार प्रथम त्यांनींच उचलावा, असेंही सांगितलें आहे. याचें कारण व्यवहाराचें आहे. मंडळीवर हें ओझें पडलें नाहीं, तरच जिला कोणीच नाहीं तिला साहाय्य पुरेल. म्हणजे घरची जबाबदारी टाळणारा मनुष्य एका परक्या अनाथ बाईच्याही तोंडचा घांस काढून घेतो. अशा मनुष्यानें विश्वासच नाकारला आहे, असा कडक निकाल तें पत्र देतें, त्याचें मर्म येथें आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘जो आईबापांवर माझ्यापेक्षां अधिक प्रीति करतो तो मला योग्य नाहीं, अशा अर्थाचें येशूचें वचन मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत आहे, त्याचें काय?’ शंका रास्त आहे. परंतु तोच येशू वधस्तंभावर असतांना आपली आई एका शिष्याच्या हवालीं करतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरीं नेतो, असें योहान सांगतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे अर्थ लागतो. कुटुंब हें देवाच्या जागीं बसवूं नये. पण देवाचें नांव पुढें करून तें टाकूंही नये.

आतां हा भार कोणी वाहावयाचा? २००७ सालीं आपल्या देशांत आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यांत मुलगा, मुलगी, नातू व नात यांवर जबाबदारी घातली. सून त्या व्याख्येंत घातली नाहीं. पत्रांतही मुलें व नातवंडें हेच शब्द आहेत. आपल्या घरांत मात्र उशागतीं बसणें, पथ्यपाणी करणें, रात्रीं उठणें हें सारें बहुधा एकट्या सुनेकडे जातें, आणि मुलगा पैसे देऊन मोकळा होतो. पैसे देणें आवश्यकच; परंतु आपलें कर्तव्य दुसऱ्याच्या कष्टांनीं उरकणें, हा कुर्बानाचाच नवा प्रकार होय.

न्यायालय निर्वाहखर्च देववील. आजाऱ्याजवळ घटकाभर बसण्याची बुद्धि तें देऊं शकत नाहीं. ती ज्याची त्यानेंच धरावयाची. येत्या रविवारीं उपासनेस निघण्यापूर्वीं आपल्या घरांतील वडील माणसाला आज काय हवें आहे, एवढें आपण स्वतः विचारावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.