टॉन्सिल काढावेत की ठेवावेत?

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. पालकांच्या चिठ्ठीतले कारणही बहुधा ठरलेले असते : सर्दी, ताप, घसा दुखतो. एखाद्या मुलाच्या बाबतीत हे वरचेवर घडू लागले, की ‘याचे टॉन्सिल वाढलेत, काढूनच टाकावे लागतील’ असे कोणीतरी म्हणते. ‘आमच्या शेजारच्या मुलीचे काढले, तेव्हापासून तिचा घसा एकदाही दुखला नाही’ असा दाखलाही लगेच दिला जातो. हा दाखला खरा असू शकतो. पण शस्त्रक्रियेचा उपयोग होतो हे सिद्ध करायला तो पुरेसा आहे का? या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायला वैद्यकाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ते कसे मिळवले, हे विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

टॉन्सिल कशासाठी असतात?

आरशासमोर तोंड मोठे उघडून पाहिले, तर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचे दोन उंचवटे दिसतात. हेच टॉन्सिल. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात अशीच आणखी एक ऊती असते, तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. जिभेच्या मुळाशीही तशीच ऊती असते. या सर्वांचे मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डेयर यांनी 1884 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘वाल्डेयरचे कडे’ असे नाव मिळाले.

टॉन्सिलच्या पृष्ठभागावर अनेक खोल खाचा असतात. अन्न आणि हवा यांच्याबरोबर आलेले जंतू त्यांत अडकतात. तेथील पांढऱ्या पेशींची त्यांच्याशी गाठ पडते आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. लहान वयात रोज नवनव्या जंतूंशी सामना होत असल्याने हे काम जोरात चालते. त्यामुळे साधारण चार ते आठ या वयात टॉन्सिल मोठे दिसतात आणि पुढे आपोआप लहान होत जातात. म्हणजेच टॉन्सिल मोठे असणे हा काही आजार नव्हे.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकात वेगळाच विचार प्रबळ होता. शरीरात एखाद्या कोपऱ्यात दडलेला जंतुसंसर्ग सांधेदुखीपासून हृदयविकारापर्यंत अनेक रोगांचे मूळ असतो, असे मानले जाई. संशयाची सुई साहजिकच दात आणि टॉन्सिल यांच्याकडे वळली. भूल देण्याच्या पद्धती सुधारलेल्या होत्याच. इंग्लंड-अमेरिकेत टॉन्सिल काढणे ही लहान मुलांवरची सर्वांत नेहमीची शस्त्रक्रिया बनली.

हजार मुलांची तपासणी

1934 साली अमेरिकेतील बालआरोग्य संघटनेने न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांच्या 1000 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. यांपैकी 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते! उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांना दाखवले. त्यांनी 174 मुलांना, म्हणजे 45 टक्क्यांना, शस्त्रक्रिया सुचवली. आता राहिली 215 मुले. डॉक्टरांनीच त्यांना ‘गरज नाही’ असे सांगितलेले होते. ही मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी 99 जणांना, म्हणजे 46 टक्क्यांना, शस्त्रक्रिया सुचवली. यातून उरलेली 116 मुले तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तेथे 51 जणांची, म्हणजे 44 टक्क्यांची, निवड झाली. तीन तपासण्यांनंतर हजारांपैकी अवघी 65 मुले अशी राहिली, की ज्यांना कोणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती.

तिन्ही वेळचे टक्के पुन्हा पाहा. समोरचा गट बदलला, तरी जवळपास निम्म्यांची निवड होतच राहिली. डॉक्टर अप्रामाणिक होते असे नव्हे. कोणता टॉन्सिल ‘वाईट’ याची ठरलेली कसोटीच नव्हती. समोर आलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना शस्त्रक्रिया लागते, अशी नजर मात्र तयार झाली होती.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी 1938 मध्ये शालेय वैद्यकीय नोंदी तपासल्या. शेजारशेजारच्या जिल्ह्यांत शस्त्रक्रियांचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे निघाले. सुखवस्तू घरांतील मुलांवर शस्त्रक्रिया अधिक होत होत्या. लंडनजवळच्या हॉर्न्सी येथे 1929 मध्ये शालेय वैद्यकीय अधिकारी बदलले आणि शस्त्रक्रिया एकदम सुमारे दहाव्या हिश्शावर आल्या. त्यामुळे मुलांचे काही बिघडल्याचे दिसले नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातही तेच आढळले. वेनबर्ग आणि गिटेलसन यांनी 1973 मध्ये दाखवले, की तेथील वेगवेगळ्या भागांत दर 10,000 लोकसंख्येमागे वर्षाला 13 पासून 151 पर्यंत टॉन्सिल शस्त्रक्रिया होत होत्या. मुलांचे घसे गावागणिक इतके कसे बदलतील?

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नव्हता. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर भूल आणि रक्तस्राव यांचा धोका येतो, आणि या शस्त्रक्रियेत दरवर्षी काही मुले दगावतही होती.

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा सापळा

येथे एक सावधगिरी हवी. या पाहण्यांवरून शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे मात्र ठरत नाही. ती कोणावर करावी याचा नियम नव्हता, एवढेच त्यांनी दाखवले. उपयोग होतो की नाही हे वेगळे तपासावे लागते. मग शस्त्रक्रियेपूर्वी वर्षात किती वेळा घसा आला आणि नंतर किती वेळा, एवढे मोजले की झाले, असे वाटेल. यातील चूक वर्गातच दाखवता येते.

करून पाहा : 48 मुलांच्या वर्गात प्रत्येकाने फासा बारा वेळा टाकावा. एकदा टाकणे म्हणजे एक महिना. सहा पडले तर त्या महिन्यात घसा आला, असे मानावे. वर्षाला सरासरी दोन वेळा घसा येईल. पण चार किंवा त्याहून अधिक वेळा ‘आजारी’ पडलेली साधारण सहा मुले निघतील. त्यांना पुढे बोलवा आणि त्यांच्या फाशांवर ‘औषधी’ फुंकर मारा. आता ‘दुसऱ्या वर्षाचे’ बारा फासे टाकायला सांगा. बहुतेकांचा आजार कमी झालेला दिसेल. त्यांची सरासरी पुन्हा दोनच्या आसपास येईल. फुंकर गुणकारी ठरली!

फाशात काहीच बदललेले नसते. आपण सर्वांत वाईट वर्ष गेलेली मुले निवडली आणि पुढचे वर्ष नेहमीसारखे गेले, इतकेच. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. पालक मुलाला डॉक्टरांकडे नेतात तेही आजाराचा जोर असतानाच. शिवाय खरी मुले फाशासारखी नसतात. ती मोठी होतात, त्यांची प्रतिकारशक्ती वाढते. म्हणून शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच मुलांचा गट शेजारी असल्याशिवाय ‘आधी-नंतर’ला अर्थ नाही.

पिट्सबर्गचा प्रयोग

असा गट घेऊन काटेकोर अभ्यास केला तो अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी प्रथम कसोटी ठरवली. गेल्या एका वर्षात घसा निदान सात वेळा आलेला असावा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी निदान पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी निदान तीन वेळा. नुसते ‘दुखते’ म्हणणे चालणार नव्हते. ताप, मानेतील गाठी, टॉन्सिलवरील पांढरा थर किंवा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा पुरावा यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी हवे होते, आणि त्याची त्याच वेळी नोंद झालेली हवी होती.

नोंदीचा एवढा आग्रह कशासाठी? 1978 मध्ये त्यांनी याचे उत्तर दिले. पालकांच्या सांगण्यानुसार कसोटीत बसणारी, पण लेखी नोंद नसलेली 65 मुले घेऊन त्यांनी त्यांच्यावर निदान वर्षभर लक्ष ठेवले. सांगितल्याप्रमाणे वरचेवर आणि तीव्र आजार फक्त 11 मुलांत दिसला. पालक खोटे बोलत नव्हते. काळजीच्या दिवसांची आठवण मनात अधिक जागा व्यापते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

मुख्य निष्कर्ष 1984 साली प्रसिद्ध झाले. अभ्यासात 187 मुले होती. ज्यांच्या पालकांची तयारी होती अशा 91 मुलांत शस्त्रक्रिया कोणावर करायची हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. 43 मुलांवर ती केली, 48 मुलांवर केली नाही. उरलेल्या 96 मुलांच्या पालकांनी आपला पर्याय स्वतः निवडला. त्यांचा हिशोब वेगळा ठेवला. चिठ्ठी टाकण्याचे कारण असे, की निवड डॉक्टरांवर किंवा पालकांवर सोपवली, तर अधिक आजारी मुले एका गटात आणि कमी आजारी दुसऱ्या गटात जाण्याचा संभव असतो. मग शेवटी दिसणारा फरक शस्त्रक्रियेचा की मूळ गटांचा, हे सांगता येत नाही.

निष्पन्न काय झाले? पहिली दोन वर्षे शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा घसा इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी वेळा आला. तिसऱ्या वर्षी फरक बराच पुसट झाला. शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांपैकी अनेकांचा आजारही आपोआप कमी होऊन वर्षाला तीनपेक्षा कमी वेळांवर आला, आणि तो बहुधा सौम्य होता. शस्त्रक्रिया झालेल्या एकूण 95 मुलांपैकी 13 जणांना तिच्यामुळे काही त्रास झाला, पण तो आटोक्यात आला. म्हणजे फार त्रास असलेल्या मुलांना फायदा होतो, पण तो मर्यादित काळाचा असतो, आणि थांबून पाहणे हाही समंजस पर्याय आहे. याच संशोधकांनी 2002 मध्ये कमी त्रास असलेल्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यात शस्त्रक्रियेचा फायदा इतका थोडा होता, की त्यासाठी तिचा धोका आणि खर्च पत्करावा असे त्यांना वाटले नाही.

पिट्सबर्गची ही कसोटी आजही अनेक देशांच्या मार्गदर्शक सूचनांत आधाराला आहे. प्रौढांच्या बाबतीत ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. टॉन्सिल वरचेवर सुजणाऱ्या 453 जणांत, दोन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांचे घसा दुखण्याचे दिवस मध्यमानाने 23 भरले, तर थांबलेल्यांचे 30.

घोरणारे मूल

आता मुलांच्या टॉन्सिल शस्त्रक्रियेचे एक प्रमुख कारण वेगळेच आहे. मोठे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड झोपेत श्वासमार्ग अडवतात. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो. झोप मोडत राहिल्याने दिवसा ते पेंगते किंवा चिडचिडे होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अशी पाच ते नऊ वर्षांची 464 मुले होती. काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली, इतरांना थांबवले. सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटात 79 टक्के मुलांची झोप तपासणीत पूर्ववत झालेली दिसली. थांबलेल्या गटातही 46 टक्के मुलांची झोप पूर्ववत झाली होती! लक्ष देण्याच्या चाचणीत दोन गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. वागणुकीत मात्र शस्त्रक्रिया झालेली मुले अधिक सुधारली. अर्थात कोणाची शस्त्रक्रिया झाली हे पालकांना माहीत होते, ही गोष्ट निष्कर्ष वाचताना विसरून चालत नाही. मुलांच्या वागणुकीविषयी वर्गशिक्षकांकडूनही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या.

शिक्षक काय करू शकतात?

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात बरी होते. पण काही वेळा तिला स्ट्रेप्टोकोकस जिवाणू कारण असतात. त्यावर वेळीच प्रतिजैविके घेतली नाहीत, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. आपल्या देशात हा रोग अजून गेलेला नाही. म्हणून ताप आणि घसादुखी असलेल्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायलाच हवे, आणि त्यांनी दिलेली औषधे पूर्ण घ्यायला सांगायला हवे.

वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाच्या पालकांना एक साधी दिनदर्शिका ठेवायला सांगावी. घसा कोणत्या तारखेला आला, ताप किती होता, गिळताना त्रास होता का, शाळा किती दिवस बुडाली, डॉक्टरांनी काय पाहिले, हे त्याच दिवशी लिहावे. हजेरीपटातील तारखा तिच्याशी ताडून पाहता येतात. वर्गात सतत पेंगणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल असेल, तर ‘रात्री घोरते का?’ असे आईला विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक 2013 पासून शाळांत येते. ते आले की अशी मुले आवर्जून दाखवावीत. टॉन्सिल काढायचे की नाही हे डॉक्टर आणि पालक ठरवतील. पण ते ठरवताना त्यांच्या हाती आठवणीऐवजी वर्षभराची नोंद असेल, तर नको असलेली शस्त्रक्रिया टळेल आणि हवी असलेली वेळेवर होईल.