बोटॉक्स फक्त सुरकुत्यांसाठी? आखडलेली मूठही उघडते!

बोटॉक्स म्हटलं की सुरकुत्या नसलेले चेहरे आठवतात. पण अमेरिकेत या इंजेक्शनला १९८९ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांचा नंबर लागला २००२ मध्ये.

काम कसं करतं?
हे ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ जिवाणूचं विष. मज्जातंतूचा ‘आकस’ हा निरोप स्नायूपर्यंत नेणारं रसायन ते अडवतं. अत्यल्प मात्रेत टोचलं की तेवढाच स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसतो, साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो.

उपचार कशावर?
पक्षाघातानंतर आखडलेला हात, सेरेब्रल पाल्सीतले ताठर पाय, जुनाट मायग्रेन, काखेतला अतिघाम. गेलेली ताकद मात्र ते परत आणत नाही. मूठ सैल झाली की पुढचं काम फिजिओथेरपीचं. मांडव्याहून बोटीने मुंबई जवळ. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या रुग्णाने मात्र दर तीन-चार महिन्यांच्या फेऱ्या, खर्च आणि घराजवळच्या व्यायामाची सोय आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

टोचण्याआधी काय विचाराल?
• टोचणारे नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टर आहेत का?
• औषध कोणत्या कंपनीचं, किती युनिट? एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याला लागू पडत नाही.
• कुपी थंड ठेवली होती का? बहुतेक कुप्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

गर्भवती, स्तनदा माता आणि स्नायू-मज्जातंतूंचे विकार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. नंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर पार्लर नव्हे, थेट रुग्णालय गाठा.